शेजारी झोपणाऱ्याला विचारा

मला जो आजार झाला तो कुवेतमध्ये कुणाला होत नाही. ज्या माशीमुळं होतो ती माशी इथं नाही, भारतातही नाही. त्यामुळं हे वाचून कुणाला थेट उपयोग होईल असं मी म्हणणार नाही. पण आखातातून आफ्रिकेत कामाला जाणारी आपली माणसं आता बरीच आहेत. कुणी विहिरी खणायला जातं, कुणी शाळा बांधायला, कुणी माझ्यासारखं आरोग्याच्या कामाला. त्यांनी हे वाचावं. शिवाय ज्या दुखण्यात आपलं डोकंच आपल्याला फसवतं अशी दुखणी पुष्कळ आहेत, आणि ती घरात शिरल्यावर काय होतं याबद्दल घरातली माणसं सहसा बोलत नाहीत. मी बोलणार आहे.

औषधांची मात्रा आणि रक्ताचे आकडे इथं मिळणार नाहीत. ते डॉक्टरांना विचारा.

*

मी कुवेतमधल्या एका संस्थेत आरोग्य-संशोधक आहे. नवरा सुहास अर्दियाला एका गोदामाचा व्यवस्थापक आहे. मुलगी रेवा बारावीत. राहतो फिंतासला. आम्ही दोघं मूळचे अंबाजोगाईचे, इथं येऊन निम्मं आयुष्य झालं.

दरवर्षी मी काही आठवडे मलावीतल्या एका गावात काढते. गाव अभयारण्याला लागून आहे. तिथं ताप आलेला माणूस आधी कुणाकडं जातो, मग कुणाकडं, आणि सरकारी दवाखान्यात पोचायला त्याला एवढा उशीर का होतो, हे शोधणं आमचं काम. उशीर महत्त्वाचा, कारण त्या भागात झोपेचा आजार आहे. त्सेत्से नावाची माशी चावते आणि रक्तात जंतू सोडते. आधी नुसता ताप असतो. तेवढ्यात औषध मिळालं नाही तर जंतू मेंदूत शिरतात. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री हिंडतो, त्याचा स्वभाव बदलतो. शेवटी उठत नाही.

आमच्या कामाचा एक नियम आहे आणि गटात नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून मी तो पाठ करून घेते. आजारी माणसाला आधी काही विचारायचं नाही. आधी त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला विचारायचं. बायको, आई, बहीण, जो कोणी असेल त्याला घराच्या मागं न्यायचं, आजारी माणसाला ऐकू जाणार नाही इतकं लांब. आणि "तो बरा आहे का?" असं मुळीच विचारायचं नाही. कारण त्यावर सगळे "बरा आहे" म्हणतात. विचारायचं असतं, "काल दुपारी तो काय करत होता?" मग उत्तर मिळतं. बायका सांगतात, तो शेतात नांगर धरून उभ्याउभ्या झोपला. तो मेलेल्या भावाशी भांडत होता. त्यानं मीठ समजून राख टाकली आणि खाल्ली.

ही उत्तरं मी इतकी ऐकली होती की मला ती कामाची वाटत, भीतीची वाटत नसत.

*

माशी गोमाशीएवढी असते. कपड्यावरून चावते आणि तापलेली सुई खुपसल्यासारखं वाटतं. मला ती इतक्या वर्षांत असंख्य वेळा चावली होती. फारच थोड्या माश्यांमध्ये जंतू असतात, हेही मला माहीत होतं. या खेपेला परतायच्या आधी एक दंडाच्या मागच्या बाजूला चावली. माझी तिथली सहकारी फालेसी नर्स आहे आणि जिभेनं तिखट. ती गाडी चालवता चालवता म्हणाली, "आमायी, तिला तू आवडलीस. रोज रोज म्हशी खाऊन कंटाळली असेल."

आमायी म्हणजे बाई. गावात मला सगळे तेच म्हणतात.

दंडावर गाठ आली, लाल झाली, ठणकायला लागली. फालेसी म्हणाली, "दाखव." मी म्हटलं, "बॅगेचा पट्टा घासून गळू झालंय." ती म्हणाली, "गळू मी पाहिलेली आहेत." मी म्हटलं, "मग हेही पाहिल्यासारखं समज, माझं विमान आहे."

*

कुवेतला आल्यावर ताप आला. आमच्या कामातल्या लोकांना एक खोड असते: ताप आला की मलेरिया. प्रत्येकाच्या बॅगेत मलेरियाच्या तपासणीची पट्टी आणि गोळ्यांचं पाकीट असतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून बोट टोचलं, पट्टी पाहिली. मलेरिया नाही असं आलं. मी पट्टीलाच नावं ठेवली, उन्हानं खराब झाली असेल म्हणाले, आणि गोळ्या घेतल्या. ताप उतरला. मी स्वतःवर खूश झाले.

तो पुन्हा आला. पुन्हा आपोआप उतरला. असं चालू राहिलं. डोकं दुखायचं, मानेच्या मागं गाठी लागायच्या. आमच्या भागातल्या मुस्तौसफमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरनं घसा पाहिला, व्हायरल म्हणाला, पॅरासिटामॉल दिली. त्याला मी मलावीचं सांगितलं नाही. का नाही, ते आज सांगता येत नाही. सांगायचं डोक्यातच आलं नाही, आणि ज्या बाईचं सगळं आयुष्य लोकांना "तू कुठं गेला होतास?" विचारण्यात गेलं तिच्या डोक्यात ते येऊ नये, यातच सगळं आलं.

रेवानं तेव्हाच हटकलं होतं. "आई, यू आर वीअर्ड दीज डेज."

"मराठीत बोल."

"वीअर्डला मराठीत काय म्हणतात?"

"विचित्र."

"हां. तेच आहेस तू."

सुहास पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "प्रवासाचा शीण आहे. उगं आईच्या मागं लागू नकोस."

शेवटी ऑफिसात बैठकीत बोलता बोलता मी वाक्य अर्धवट सोडलं आणि टेबलावर डोकं ठेवलं. सहकाऱ्यांना वाटलं चक्कर आली. त्यांनी मला थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या डॉक्टर नादिया इजिप्तच्या, माझ्याच वयाच्या, बोलायला माझ्यासारख्याच तोडून. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या दोन महिन्यांत कुठं होतात, मदाम?"

मी मलावी म्हटलं. त्या लिहायच्या थांबल्या. "दंड दाखवा," म्हणाल्या. मी माशीचं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही पाहिले, एकाच्या मागं गाठीचा वण सापडला.

*

रक्त घेतलं. थोड्या वेळानं डॉक्टर नादिया स्वतः आल्या आणि पडदा ओढून घेतला. डॉक्टर स्वतः येतात आणि पडदा ओढतात तेव्हा काय असतं ते मला पुरतं ठाऊक आहे. मी म्हटलं, "मला बघायचंय."

"काय?"

"काच. सूक्ष्मदर्शकाखाली. मी याच आजारावर काम करते."

त्यांनी मला खुर्चीत बसवून प्रयोगशाळेत नेलं. मी डोळा लावला. तांबड्या पेशींच्या गर्दीत ते होते. बारीक, लांबट, वळवळणारे. पेशींना धक्के देत चालले होते. असे जंतू मी पूर्वी अनेकदा पाहिलेत, दुसऱ्यांच्या रक्तातले. तेव्हा मी विद्यार्थ्यांना म्हणायची, "बघा, काय सुंदर हालचाल आहे."

माझ्या रक्तातले पाहिले आणि लघवी होईल असं वाटलं. खुर्चीचे हात धरून बसले. कानांत स्वतःच्या रक्ताचा आवाज येत होता आणि त्या आवाजात ते पोहत होते. वाचणाऱ्यांना सांगते: तुम्हाला दाखवतो म्हटलं तरी पाहू नका. त्यानं काही साधत नाही.

*

आता एकच प्रश्न उरला होता. जंतू रक्तातच आहेत की मेंदूत पोचलेत? माझं पुढं काय होणार ते त्यावर होतं. रक्तात असतील तर मी बरी होणार. मेंदूत असतील तर कदाचित जगेन, पण जी उठेल ती कोण असेल हे कुणी सांगू शकत नव्हतं.

डॉक्टर नादियांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"चांगली."

"दिवसा झोप येते?"

"ताप आहे, थोडी येणारच."

"काही विसरता? चिडचिड? वागण्यात फरक?"

"नाही. मी पूर्ण शुद्धीत आहे, तुमच्याशी बोलतेच आहे की."

हे बोलले आणि मला ते ओळखीचं वाटलं. हेच वाक्य, अगदी हेच, त्या गावातली माणसं म्हणतात. आणि आम्ही ते लिहून घेतो आणि त्यावर विश्वास ठेवत नाही.

सुहास आणि रेवा तोवर पोचले होते. डॉक्टरांनी सुहासला विचारलं, "तुमची पत्नी घरी बरी आहे ना? वागणं नेहमीसारखं?"

सुहास म्हणाला, "हो हो. एकदम नेहमीसारखं. तापानं थकलीय, बाकी काही नाही."

रेवानं बापाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

मी म्हटलं, "डॉक्टर, असं विचारायचं नसतं."

"काय?"

"मला बाहेर न्या. मग यांना विचारा, परवा दुपारी मी काय करत होते. त्याच्या आदल्या दिवशी काय करत होते. बरी आहे का, असं विचारू नका. आणि मुलीला वेगळं विचारा."

सुहास म्हणाला, "अगं, काय नाटक आहे हे? तू काय सर्व्हे करायला आलीस का इथं?"

"हो," मी म्हटलं.

डॉक्टर नादियांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टर वंदना सांगलीच्या. मला चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेताना म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पेशंट आहात की ऑडिटला आलाय?"

खोलीच्या दाराला काचेची पट्टी होती. मला आत दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. आधी सुहास बोलला. थोडंच बोलला, खांदे उडवले. मग त्याला कोपऱ्यात बसवलं आणि रेवा बोलायला लागली.

ती बोलत राहिली. मला वाटलं होतं, दोन वाक्यं असतील. ती थांबेचना. हात हलवून काहीतरी दाखवत होती. डॉक्टर लिहीत होत्या. एकदा रेवानं मनगटानं डोळे पुसले आणि पुन्हा बोलायला लागली. सुहासची मान खाली खाली जात होती. मी बाहेर बसून विचार करत होते: एवढं काय आहे सांगण्यासारखं? मी काय केलंय? माझ्या घरात राहणारी ही बाई कोण आहे जिच्याबद्दल माझी मुलगी एवढं बोलतेय?

या सगळ्या आजारात मी सगळ्यात जास्त कधी घाबरले, असं कुणी विचारलं तर मी ही काचेची पट्टी सांगते.

*

डॉक्टर नादियांनी मला सगळं वाचून दाखवलं, कारण मी तसा हट्ट धरला.

मी भर दुपारी अनवाणी खाली पार्किंगमध्ये गेले होते आणि बंद गाडीत मागच्या सीटवर झोपले होते. बाहेर जीव जाईल असं ऊन. रेवा क्लासहून येत होती म्हणून तिला दिसले. तिनं ओढून बाहेर काढलं. गावाकडून फोनवर मामी गेल्याचं कळलं तेव्हा मी हसले होते. चहाला आधण ठेवून मी शेगडीपाशी उभ्याउभ्या झोपले होते आणि भांडं करपून काळं झालं होतं. रात्रीची मी घरभर फेऱ्या मारत होते, आणि सुहास मला हाताला धरून अंथरुणावर नेत होता.

मी हे विसरले होते असं नाही. ते मला अगदी नीट आठवत होतं. गाडी, सीटचा चटका, मामीचा फोन, सगळं. फक्त त्यात काही वावगं आहे असं मला तोवर वाटलं नव्हतं. गाडीत झोपले, कारण झोप आली होती. मला ते पटण्यासारखं वाटलं होतं.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. ते दुखतं, पण त्याची जी ख्याती आहे तितकं दुखत नाही. पाय पोटाशी घेऊन निमूट पडून राहा, संपतं. संध्याकाळी डॉक्टर आल्या. "पोचलेत," म्हणाल्या. "पण आत्ताच पोचलेत. दाराशी आहेत असं समजा."

"दाराच्या आत की बाहेर?"

"आत," त्या म्हणाल्या. "पण अजून बसलेले नाहीत."

*

औषध आहे, पण ते दुकानात मिळत नाही. परदेशातून मागवावं लागतं. डॉक्टर नादियांनी त्याच दिवशी फोन केले. औषध निघालं, मध्ये शुक्रवार-शनिवारची सुट्टी आली, आणि मी वाट पाहत पडून राहिले.

वॉर्डचा दिवस ठरलेला. पहाटे ताप बघतात. मग चहा, खबूस म्हणजे इथली रोटी, चीजचा तुकडा. मग डॉक्टरांची फेरी. मग काहीच नाही. या "काहीच नाही" मध्ये मी स्वतःची परीक्षा घेत बसायची. सतराचा पाढा, एकोणतीसचा पाढा. अंबाजोगाईहून लातूरला जाताना लागणारी गावं. माझ्या बारावीच्या वर्गातल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमानं. सगळं बरोबर यायचं. मग लक्षात यायचं की बरोबर आलं हे ठरवणारीही मीच. पेपर लिहिणारी आणि तपासणारी एकच. मग पाढा पुन्हा पहिल्यापासून.

झोपेची भीती सगळ्यात वाईट. दुपारी डोळे जड झाले की मी उठून उभी राहायची. उभ्याउभ्या झोपणारे लोक मला माहीत होते, म्हणून भिंतीला टेकायची नाही. सिस्टर वंदना रागवायच्या, "मॅडम, आडव्या व्हा. तापात माणसानं झोपावं."

"उठले नाही तर?"

"उठवू की आम्ही. चारला इंजेक्शन आहेच. इथं कुणाला सुखानं झोपू देतात का?"

मी हसले, आणि हसले ते योग्य जागी हसले का, याचा विचार करत बसले.

*

सुहासशी भांडण झालं ते या दिवसांत. भेटीच्या वेळेत, हळू आवाजात, कारण शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या आजी आमच्याकडं टक लावून पाहायच्या. भाषा कळत नव्हती तरी भांडण कळत होतं.

मी म्हटलं, "रात्री तू मला हाताला धरून झोपवत होतास. आणि डॉक्टरला म्हणालास, नेहमीसारखी आहे."

"मग काय सांगू? बायकोचं डोकं फिरलंय म्हणू?"

"हो."

"तुला काय जातंय म्हणायला. आमच्या गोदामातल्या एका पोराच्या डोक्यावर परिणाम झाला होता. पुढच्या आठवड्यात त्याला विमानात बसवलं. परत आला नाही. तुलाही तसंच धाडलं असतं तर? रेवाचं बारावीचं वर्ष. मी काय करायचं?"

"आणि मी मेले असते तर काय केलं असतंस?"

तो म्हणाला, "मी बोललो नाही तर ते खरं होणार नाही, असं वाटत होतं."

इतकी वर्षं गावातल्या बायकांकडून "बरा आहे, बरा आहे" ऐकलं होतं. त्या असं का म्हणतात याची पाच-सहा कारणं आमच्या अहवालात असतात. हे त्यात नव्हतं.

*

औषध आलं. गोळ्याच होत्या. पण त्यांची एक अट होती: भरपेट जेवणावरच घ्यायच्या. पोट रिकामं असेल तर त्या अंगी लागत नाहीत. आणि मला अन्नाच्या वासानं मळमळत होतं.

हे वाचताना क्षुल्लक वाटेल. मला वाटलं नाही. माझं सगळं डोकं, माझी ओळख, माझी मुलगी ज्या बाईला आई म्हणते ती बाई, हे सगळं एका ताटावर अवलंबून होतं आणि घास गळ्याखाली उतरत नव्हता. पहिल्या दिवशी हॉस्पिटलचा भात कसाबसा संपवला, गोळ्या घेतल्या, आणि त्या उलटून पडतील म्हणून तोंडावर हात दाबून ताठ बसले. सिस्टर वंदना समोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. गिळलेलं पाहायची त्यांना सक्त सूचना होती. "श्वास घ्या मॅडम, नाकानं," म्हणत होत्या. त्या दिवशी गोळ्या पोटात राहिल्या. दुसऱ्या दिवशी सगळं बाहेर आलं, आणि मी मोठ्यानं रडले. मी रडत नाही. रडतेय ते आजारामुळं की भीतीमुळं, हेही मला कळत नव्हतं. सिस्टरनी फरशी पुसवून घेतली, डॉक्टरांना विचारलं, आणि पुन्हा खायला घालून पुन्हा दिल्या.

तिसऱ्या दिवशी शमीमआपा आल्या. त्या आमच्या मजल्यावर राहतात, रत्नागिरीकडच्या. त्यांच्या घरच्यांचं फाहाहीलला किराणा दुकान आहे. त्यांनी डबा उघडला. तुपात भिजलेलं मऊ खिमट, बाजूला भाजलेला सुका बोंबील.

"काय गो, हे खबूस खाऊन कोणाचा आजार गेलाय? खा."

"आपा, जात नाही."

"जात नाही म्हणजे? मी चार पोरांना चारलंय. आ कर."

"मी लहान आहे का?"

"आता आहेस. मोठी होशील तेव्हा भांडायला ये माझ्याशी."

त्यांनी खरंच चमच्यानं भरवलं. मधेमधे बोंबलाचा तुकडा, कारण खारट लागलं की जीभ पुढचा घास मागते. डबा संपला. गोळ्या गेल्या. राहिल्या. त्यानंतर औषध संपेपर्यंत रोज त्याच वेळेला शमीमआपांचा डबा आला. एक दिवस त्यांच्या घरी पाहुणे होते, तरी आला. मी कुणाचे उपकार सहसा बोलून दाखवत नाही. हे इथं लिहून ठेवते.

*

त्या औषधानं हात कापतात, झोप उडते, मन सैरभैर होतं. म्हणजे आजार जे करतो त्यातलं काही औषधही करतं. त्यामुळं मी सुधारतेय की बिघडतेय हे मला समजेना. मी रेवाला सांगितलं, "रोज तू डॉक्टरांना सांगायचं. माझ्यासमोर नाही, बाहेर."

"आई, इट फील्स लाइक स्निचिंग."

"चुगलीच कर. मला चुगलखोर मुलगी हवीय."

ती सतरा वर्षांची पोरगी रोज कॉरिडॉरमध्ये उभी राहून आईच्या चुका सांगायची आणि मग आत येऊन माझ्या पायांना तेल लावायची. दोन्ही करताना तिचा चेहरा सारखाच असायचा. एकदा म्हणाली, "आज काही नव्हतं सांगायला. मी डॉक्टरला म्हटलं, शी वॉज जस्ट रूड टू एव्हरीवन."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"गुड साइन, म्हणाल्या."

रक्तातले जंतू लवकर गेले. मेंदूचं लगेच सांगता येत नाही. घरी सोडलं ते "पुन्हा पाणी तपासू, मग काही महिन्यांनी पुन्हा" असं सांगून. म्हणजे भीती घरी सोबत आली.

घरी आल्यावर मी गाडी चालवायची बंद केली. शेगडीपाशी एकटी थांबत नाही. हे कमीपणाचं वाटतं, पण वाटू द्यावं. तुमच्या घरात असं कुणी असेल तर दोन गोष्टी सांगते. त्याला "बरं वाटतंय का?" विचारू नका, तो हो म्हणेल, आणि त्याच्या दृष्टीनं ते खरंच असेल. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर त्याची बाजू सांभाळू नका. जे घडलं ते सांगा. कसं वाटलं, का घडलं, ते नंतर. आणि आफ्रिकेतून आला असाल, ताप असेल, तर डॉक्टरच्या दारात पाय टाकल्याबरोबर तेच पहिलं वाक्य बोला. ते सुचेल अशा भरवशावर राहू नका. जाण्याआधीच सोबतच्या माणसाला सांगून ठेवा.

फालेसीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी विमान चुकव."

*

परवा पाणी तपासायची पाळी होती. डॉक्टर नादियांना आता पद्धत ठाऊक आहे. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला बाहेरच्या बाकाकडं बोट दाखवलं. रेवाची परीक्षा होती, म्हणून सुहास एकटाच आत गेला.

दार लागलं. मी काचेच्या पट्टीकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि पाहिलं. तो बोलत होता. खांदे उडवत नव्हता. डॉक्टरांनी एक पान उलटलं. तो अजून बोलत होता. मी फरशीच्या रेघा बघत बसले आणि गेल्या आठवड्यातलं एकेक आठवायला लागले. सगळं मला ठीकच वाटत होतं, आणि ते ठीक वाटणंच मला नको होतं.

तो बाहेर आला. मी विचारलं, "काय सांगितलंस एवढं?"

"घडलं ते."

"म्हणजे काय?"

"शुक्रवारी जेवून झोपलीस ती अंधार पडेस्तोवर. सोमवारी डाळ दोनदा धुतलीस. शमीमआपांना पाहुणे कधी गेले हे दोनदा विचारलंस."

"अरे, डाळीत खडे होते! आणि आपांनी पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं! आणि शुक्रवारी तूच श्रीखंड आणलं होतंस, ते खाऊन तूही झोपलास!"

"असेल. ते डॉक्टर बघतील. का घडलं ते मी सांगितलं नाही."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच वेळी पाठीतला ताण जरा सुटला. या माणसानं माझ्याविरुद्ध साक्ष दिली होती, एकही गोष्ट न गाळता.

पाणी काढलं. दुपारभर तिथंच पाठीवर पडून राहायला लावलं. संध्याकाळी डॉक्टर नादिया आल्या, पडदा न ओढता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे, मदाम. या वेळचं स्वच्छ आहे." पुढच्या वेळेबद्दल त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

परतताना सुहास गाडी चालवत होता. रस्त्यावर गर्दी होती, गाडी मुंगीच्या चालीनं चालली होती. दुपारभर पडून राहून आणि सुईनं मी थकले होते. डोळे जड झाले.

"झोप येतेय?" त्यानं विचारलं.

"दमलेय नुसती."

"बरं."

मी डोळे मिटले. त्यानं मान वळवून गाडीतलं घड्याळ पाहिलं, ते मला डोळे मिटूनही कळलं.